खूण सांगा, शेळी न्या

मला ॲडमिन कुणी केलं नाही. ग्रामसभेत हात वर झाले नाहीत, चिठ्ठ्या पडल्या नाहीत, नारळ तर लांबच राहिला. आमच्या गावच्या शेळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रूपचे आधीचे ॲडमिन म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांचं एक दिवस कुणाशी तरी वाजलं आणि "तुमचं तुमी बघा" असं लिहून ते ग्रूपमधून चालते झाले. ॲडमिन निघून गेला की हे फोनचं यंत्र आपल्या मनानंच दुसऱ्या कुणाला तरी गादीवर बसवतं. त्यानं मला बसवलं. मी तेव्हा शिलाईच्या मशीनवर एका ब्लाउजशी झटत होते, मला पत्ताही नव्हता.

आमच्या ह्यांनी मला ती बातमी दिली. म्हणाले, "तुझ्या नंबरापुढं ॲडमिन आलंय. आता चहा कोण करील?"

"ॲडमिनचा नवरा," मी म्हणाले.

आमचं गाव पालीच्या पलीकडं, बिंदुसरेच्या धरणाच्या पाठीमागं. माळ जास्त, काळी जमीन कमी, म्हणून घरटी शेळ्या. कुणाची एक, कुणाचा कळप. शेळी हे जनावर कसं, तर समोर पाला दिसला की तिला आपलं घर आठवत नाही. रोज कुणाची तरी हरवायची. त्यासाठीच हा ग्रूप काढलेला. नाव होतं "शेळी हरवली सापडली". पण त्यात शेळी सोडून सगळं सापडायचं. सकाळी उठावं तर गुलाबाची फुलं. मग कुणाच्या तरी साडूचा वाढदिवस. मग पुढाऱ्यांचे हात जोडलेले फोटो, त्यावर "आमचं काळीज". मग एखादा देव, तो पुढं पाठवला नाही तर काय काय होईल त्याच्या धमकीसकट. मधेच कुणीतरी बापडा लिहायचा, "माजी शेळी कुणी बगितली का", आणि त्याच्यावर लगेच अकरा केक येऊन पडायचे.

मला मुळात राग लवकर येतो. ते आमच्या भावकीत सगळ्यांना ठाऊक आहे. यंत्राला नसेल ठाऊक, त्याला मी काय करू.

मी नियम केले. एका दमात, मशीनवर बसून. शुभ सकाळ नाही, वाढदिवस नाही, पुढारी नाही; एकदा ताकीद, मग बाहेर. खोटी बातमी टाकली तर महिनाभर बाहेर. आणि सगळ्यात मोठा नियम: सापडलेल्या शेळीचा फोटो टाकायचा नाही.

हा शेवटचा ऐकून शहरातली माणसं हसतात. फोटो टाकला की लगेच ओळख पटेल, मग बंदी कावून? अहो, म्हणूनच. आमच्याकडं फोन यायच्या कितीतरी आधीपासून ही रीत आहे. कुणाला परकं जनावर सापडलं तर तो एवढंच सांगणार, "माझ्याकडं एक शेळी आलीय." रंग सांगणार नाही, शिंग सांगणार नाही. मालकानं यायचं आणि खूण सांगायची. खूण म्हणजे बाहेरून पटकन न दिसणारं असं काहीतरी, पोटाखालचा ठिपका म्हणा, खुरावरची रेघ म्हणा. प्रत्येक शेळीवाला आपल्या जनावराची एक तरी अशी खूण मनात राखून असतो, बायकोलासुद्धा सांगत नाही. खूण जुळली की शेळी सोडायची. फोटो टाकला तर खूण चव्हाट्यावर आली, मग काय, सगळं गाव मालक.

नियम टाकल्यावर जरा गडबड झाली. "बाईमानूस आता आमाला शिकवायली," असं एकानं लिहिलं. त्याला दुसऱ्यानं उत्तर दिलं, "गप बे, तुजी शेळी तीनदा हरवली मागल्या साली." मग शांत झालं. खरं सांगायचं तर लोकांनाही ते केक नको झाले होते. प्रत्येकाला दुसऱ्याचे नको होते, स्वतःचे चालत होते, एवढंच.

पहिली विकेट पडली ती माझ्या थोरल्या चुलत जावेची.

जाऊबाईंचं घर आमच्या घराला लागून, मधे फक्त कमरेएवढी भिंत. जाऊबाईंचा आणि माझा अबोला. कारण विचाराल तर एका बारशाला तिनं पंगतीत, चार गावच्या बायकांसमोर, माझी भाकरी तव्यावर तडकते म्हणून सांगितलं होतं. तडकत नाही. एकदा तडकली होती, ती बाजरी जुनी होती. तेव्हापासून आम्ही एकमेकींशी थेट बोलत नाही. पण भिंतीला भिंत असल्यावर न बोलून भागतं का? मग मी माझ्या कोंबडीला बोलते आणि ती तिच्या शेळीला बोलते. "काय गं कोंबडे, पाण्याचा टँकर आला म्हनं वेशीत." की पलीकडं हंडा वाजलाच. असा आमचा कारभार बरीच वर्षं नीट चालला होता.

तर जाऊबाईंना तिच्या लेकानं पुण्याहून चांगला मोठा फोन पाठवलेला. तो आल्यापासून ही बाई पहाटे उठून आधी ग्रूपवर चहाचा कप टाकायची, वाफा हलणारा. कपाखाली फूल, फुलाखाली सुविचार. मी नियमाप्रमाणे एकदा ताकीद दिली. दुसऱ्या दिवशी दोन कप आले. मी तिला ग्रूपमधून काढून टाकलं. गावात लगेच झालं, सूड घेतला म्हणून. तर सूड घेतला म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगते की हो, थोडा घेतला. पण नियमात बसत होता.

आता जाऊबाईंची शेळी. एकच होती, काळीभोर, कपाळावर चांदवा, डाव्या कानाला चीर, आणि गाभण. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक पुण्यात. लेक स्वभावानं चांगला, त्याची बायको तर त्याहून चांगली. दर आठवड्याला त्याचा फोन यायचा. जाऊबाई स्पीकरवर ठेवून बोलायची, का, तर फोन कानाला लावला की गाल तापतो म्हणे. त्यामुळं माझ्या कोंबडीलाही सगळं ऐकू यायचं.

"आई, एकटी कावून राहायलीस तिथं? चल की हिकडं."

"शेळी कुनाच्या गळ्यात बांधू?"

"इकून टाक."

"गाभण हाय. गाभण जनावर इकत न्हाईत."

व्याली की म्हणायची, पिल्लं लहान हायत. पिल्लं मोठी झाली की ती विकायची आणि शेळी परत गाभण. असं ती त्या बिचाऱ्याला वर्षानुवर्षं खेळवत होती. पुण्यात चौथ्या मजल्यावर जाऊन बसायचं तिच्या जिवावर यायचं. तोंडानं "नको" म्हणून लेकाचं मन मोडायचं तेही तिला जमत नव्हतं. म्हणून मधे शेळी उभी केली होती. शेळी होती तोवर ती गावात होती. मला हे पक्कं ठाऊक होतं. आणि खरं सांगू का, मलाही ते बरं होतं. ती गेल्यावर त्या घराला कुलूप लागणार, आणि मी मग कोंबडीशी नुसतीच बोलणार, वेड्यासारखी.

ज्वारी हुरड्यात आली होती तेव्हाची गोष्ट. एका सकाळी पलीकडनं शेळीला शिव्या ऐकू आल्या नाहीत. मी भिंतीवरून डोकावले तर खुंटा रिकामा. धरणाकडं चरायला गेलेली शेळी परत आली नव्हती. जाऊबाई आदल्या संध्याकाळपासून हिंडत होती, पायाला काटे, तोंड वाळलेलं. आणि ग्रूपवर तिला टाकता येत नव्हतं, कारण तिला मी बाहेर काढलेलं. मला असं काही कानकोंडं झालं की विचारू नका. मी फोन हातात घेतला, तेवढ्यात तिचा फोन वाजला. स्पीकर.

लेकाला कुणीतरी कळवलं होतं. तो म्हणाला, "आई, जाऊ दे. गेली तर गेली. आता काई बहाना न्हाई ना? रविवारी गाडी घेऊन येतो. कपडे भरून ठिव."

जाऊबाई काही बोलली नाही. त्या बाईला गप्प बसलेलं मी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा बघत होते. मग ती म्हणाली, "बरं."

ते "बरं" मला मुळीच आवडलं नाही. माझ्याशी भांडायला मला चांगलं तोलामोलाचं माणूस लागतं. गावात दुसरं कुणी तसं नाही.

आणि दुपारी ग्रूपवर शेळी आली.

आमचे माजी सरपंच. घरची मोठी जमीन, पंचक्रोशीत मान, सगळे त्यांना दादा म्हणतात. निवडणुका जवळ आल्या की त्यांना सगळ्यांचा कळवळा येतो. ती शेळी फिरत फिरत त्यांच्या वस्तीवर गेली होती. गड्यानं बांधली. इथवर झालं ते बरंच झालं. पण दादांनी काय करावं? शेळीला कुंकू लावलं, गळ्यात हार घातला आणि फोटो काढले. समोरून, डावीकडून, उजवीकडून, कान हातात धरून. जाऊबाईंची राखून ठेवलेली खूण म्हणजे शेपटाखालचे पांढरे केस, हे मला ठाऊक होतं, कारण भिंत कमरेएवढी आहे. तर दादांनी मागूनही फोटो काढला. खाली मजकूर: "मुक्या जीवाचे कैवारी. रविवारी सकाळी वस्तीवर शेळी हस्तांतरण सोहळा. मालकांनी ओळख पटवावी. चहाची सोय आहे."

मी पाहिल्या पाहिल्या सगळे फोटो पुसले. पण तोवर ते घरोघरी जाऊन पोचले होते. संध्याकाळपर्यंत पाचसहा जण म्हणायला लागले, शेळी माझी. ज्यांच्या दावणीला आजवर कोंबडी बांधलेली नव्हती तेही म्हणायला लागले. सगळ्यांत पुढं दादांच्या मागं मागं फिरणारा पानटपरीवाला. त्यानं लिहिलं, "डाव्या कानाला चीर, शेपटाखाली पांढरं. माजीच." फोटो बघून कुणीही सांगेल. माझं डोकं असं फिरलं की सांगता सोय नाही.

जाऊबाईंना सांगायला तर हवं. मी अंगणात गेले, कोंबडीला समोर उभी केली. "अगं ए, माजी सरपंचाच्या वस्तीवर काळी शेळी बांधलीय म्हनं. चांदवा असलेली."

पलीकडं चपला वाजल्या. दिवेलागणीच्या आत ती परत आली, हात हलवत. तिच्या खुंट्याला सांगत होती, म्हणजे मला, "सांगितल्या समद्या खुणा. तर दादा म्हनतेत, बाई, ह्या तर समद्यांनीच सांगितल्या. रविवारी बघू."

मी दादांना फोन लावला. म्हटलं, ती शेळी माझ्या जावेची आहे, रोज माझ्या भिंतीवरून माझ्या तुळशीला तोंड लावते, मी नाही ओळखणार?

दादा गोड बोलतात, तेच तर दुखणं आहे. म्हणाले, "वहिनी, तुमी भावकीतल्या. भावकीची साक्ष कशी धरायची? आन नियम तर तुमचाच हाय. खूण मालकानं सांगायची, ॲडमिननं न्हाई. आमच्या टपरीवाल्यानं बरोबर सांगितली, पहिल्यांदा सांगितली. रविवारी त्याच्या हातात दोर देऊ."

माझाच नियम माझ्याच तोंडावर. फोन ठेवला आणि मी बराच वेळ नुसती मशीन पळवली, दोरा न घालता.

मशीन पळवता पळवता सुचलं. ॲडमिनला एक सोय असते, कुलूप लावायची. लावलं की फक्त ॲडमिन लिहू शकतो, बाकीच्यांनी वाचायचं आणि गप्प बसायचं. आमच्या ह्यांना ही सोय घरात कधी मिळाली नाही म्हणून ते अजून हळहळतात. तर मी ग्रूपला कुलूप लावलं आणि लिहिलं:

"दादांच्या वस्तीवरच्या शेळीनं दादांच्या ज्वारीत शिरून लई नुकसान केलं आहे. तरी दादा मोठ्या मनाचे. भरपाई नको म्हणतात. एवढीच अट घातली आहे की जो मालक शेळी नेईल त्यानं ज्वारी निघेपर्यंत दादांच्या शेतात पाखरं राखायची."

शुद्ध थाप. शेळी ज्वारीत गेली नव्हती, गड्यानं तिला गोठ्यात बांधून ठेवलेली. पण पाखरं राखणं म्हणजे काय ते आमच्या भागातल्या माणसाला विचारा. ज्वारीत दाणा भरला की चिमण्या, राघू, कसली कसली पाखरं थव्यानं उतरतात. मधे लाकडाचा उंच माळा बांधायचा, उजाडल्यापासून त्याच्यावर उभं राहायचं, गोफण फिरवायची, घसा बसेपर्यंत हाऱ्या, म्हणजे आरोळ्या, घालायच्या. बसून भागत नाही. बसलात की पाखरांना कळतं. आणि दादांचं रान काही अर्ध्या एकराचं नाही. हल्ली घरच्या ज्वारीलाही कुणी राखण करत नाही, लोक जुन्या कॅसेटच्या चकचकीत पट्ट्या बांधून पाखरांना फसवतात. पाखरं फसत नाहीत.

दादांना वाटलं असतं तरी त्यांना लिहिता येणार नव्हतं, कुलूप माझ्याकडं. त्यांचा फोन आला.

"वहिनी, ही अट कधी घातली मी?"

"दादा, सगळं गाव तुमचं नाव काढायलंय. भरपाई सोडली म्हणून. आता न्हाई म्हनायचं का?"

दादांना तोवर बरेच फोन आले होते, सगळे कौतुकाचे. शिवाय ज्वारीला फुकटात राखणदार मिळत होता. म्हणाले, "न्हाई, आता लिहिलंयच तर राहू द्या."

मग गंमत सुरू झाली. माझ्या खासगी नंबरावर एकेकाचे संदेश यायला लागले. एकाच्या शेळीची शिंगं वाकडी निघाली. एकाची शेळी म्हणे आता नीट आठवल्यावर पांढरी होती. एकाला अचानक आठवलं की त्यानं ती मागच्याच आठवड्यात तलवाड्याच्या पाहुण्यांना दिली. एक जण म्हणाला, मी रविवारी नारायणगडाला दर्शनाला चाललोय, माझं नाव काढून टाका, देवाच्या कामात जनावर नको. मी प्रत्येकाला लिहिलं, बरं.

आणि अंगणात जाऊन कोंबडीला अट सांगितली, अगदी सावकाश, शब्द न् शब्द. पलीकडं काही हाललं नाही. मला वाटलं, ऐकलं नाही. किंवा ऐकलं आणि तिचंही मन मोडलं. गुडघे दुखतात तिचे, माळ्यावर कशी चढेल? आता मी काय करून बसले, असं झालं मला. रात्री जेवण गेलं नाही.

रविवारी दादांच्या वस्तीवर मांडव. फलक. फलकावर शेळीपेक्षा दादा मोठे. चहाचा मोठा टोप. अर्धं गाव जमलेलं, फुकटचा चहा आणि फुकटचा तमाशा कोण सोडतं. पुण्याची गाडीही येऊन उभी होती. जाऊबाईंचा लेक घरी गेला तर दाराला कडी, म्हणून शोधत इकडं आला. टपरीवाला मांडवाच्या खांबाला टेकून उभा, खाली मान घालून. दादांनी त्याला पुढं बोलावलं.

"दादा, माझी शेळी बहुतेक दुसरी असावी," तो म्हणाला. "माझ्या शेळीचा डोळा जरा घारा होता."

तेवढ्यात जाऊबाई आली. नऊवारीचा काष्टा मारलेला, कमरेला गोफण खोचलेली, खांद्यावर घोंगडी आणि फडक्यात बांधलेली भाकरी. पदरात निवडून आणलेले खडे. ती मांडवात आली, शेळीकडं बघितलंसुद्धा नाही, आणि दादांना म्हणाली, "माळा कुटं हाय?"

दादा म्हणाले, "बाई, आधी खूण सांगा."

"खूण तुमी समद्या मुलखाला दाखवली. आता माज्याकडं सांगायला काय ठिवलं?" ती म्हणाली. "शेळी माजी हाय. मी पाखरं राखायला आलेय. माळा दाखवा."

चहावाला ओतता ओतता थांबला. तिचा लेक मांडवाच्या कडेला उभा राहून आईकडं बघत होता, आणि त्याचं तोंड मला बघवेना. दादा काही वाईट माणूस नाही. ते उठले, स्वतःच्या हातानं दोर सोडला आणि तिच्या हातात दिला. मला रडू आलं. मी लगेच शेजारणीला म्हणाले, चहात आलं जास्त झालंय.

गोष्ट इथंच संपली असती तर किती बरं झालं असतं. पण माझी जाऊबाई ती. शेळी खांबाला बांधून ती राखण कुठून सुरू करायची ते बघायला ज्वारीत गेली. जरा वेळानं बाहेर आली, कमरेवर हात ठेवून.

"दादा, हितं ज्वारीचं एक ताट मोडलेलं न्हाई. एक पान खाल्लेलं न्हाई. कुनी सांगितलं माज्या शेळीनं नुकसान केलं म्हनून? असल्या वळणाची न्हाई ती."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. पुढचा तमाशा आपला, हे माझ्या ध्यानात आलं.

दादा गालातल्या गालात हसले. म्हणाले, "वहिनी, खोटी बातमी टाकणाऱ्याला काय हाय आपल्या ग्रूपमधी?"

"महिनाभर बाहेर," मी म्हणाले. माझाच नियम, मी कशी विसरेन. आता मला सांगा, मी काय म्हणू शकले असते? चांगल्या कामासाठी खोटं बोलले म्हणाले असते तर उद्या प्रत्येकाचं काम चांगलंच असणार. केक टाकणाऱ्याचंही चांगलंच होतं की. मला पस्तावा काडीचा नव्हता आणि आजही नाही, पण नियमाला ते सांगून काय उपयोग? लोकांनी वर्षभर माझ्यापायी फुलं आवरली, वाढदिवस आवरले, ते काय माझा चेहरा बघून? त्यांना वाटलं की हे सगळ्यांना सारखं आहे, म्हणून.

"मग मला ॲडमिन करा आन निघा," दादा म्हणाले. "मी सांभाळतो महिनाभर." टपरीवाल्यानं मान डोलावली.

दादांच्या हातात ग्रूप गेला असता तर शेळ्यांना परत कुंकू लागलं असतं. मी इकडं तिकडं बघितलं. मग फोन उघडला, जाऊबाईंना ग्रूपमधे परत घेतलं आणि ॲडमिन करून टाकलं. तिच्या फोनवर टिंग वाजलं.

"हिला?" एक जण म्हणाला. "ही तर कप टाकती."

"नियमाचा मार हिच्याएवढा कुणाला बसलाय?" मी म्हणाले. "हिची शेळी गेली तेव्हा हिला साधं हरवली म्हणून लिहिता आलं नाही. बाहेर काढलेल्या माणसाचं काय होतं ते हिला कळतं. आणि दादांनासुद्धा ही तोंडावर बोलते, ते तुम्ही आत्ताच बघितलं."

हे सगळं मी लोकांकडं बघून बोलले, तिच्याकडं नाही. अबोला होता ना.

जाऊबाईंनी कमरेचा फोन काढला, डोळ्याजवळ धरला, विचारलं, "कुटं दाबायचं?" लेकानं दाखवलं. आणि तिनं मला काढून टाकलं. क्षणाचाही विचार केला नाही. अबोल्याच्या सगळ्या वर्षांचं त्या एका अंगठ्यात आलं होतं. लोक हसले, दादाही हसले, मग मीही हसले.

त्या रविवारी लेकाची गाडी रिकामी गेली. जाऊबाईंनी पाखरंही राखली, कुणी सांगितलं नसताना. बोलून बसलेय म्हणाली. रोज सकाळी जायची, ऊन चढलं की यायची, आणि येताना भिंतीवर हुरड्याची चारदोन कणसं ठेवायची, कोंबडीसाठी म्हणून. आमची कोंबडी हुरडा भाजून खाते, असं ह्यांनी गावभर सांगितलं.

ग्रूपची बातमी मला बाहेरूनच कळते. रोज एकच शुभ सकाळ चालेल, ती ॲडमिन टाकेल, असा तिनं नवा नियम केलाय म्हणे. दादांनी नातवाच्या वाढदिवसाचा केक टाकला तर तिनं त्यांना जाहीर ताकीद दिली. फोटोची बंदी जशीच्या तशी आहे.

पंधरवड्यानं शेळी व्याली. दोन पाटी झाल्या, दोन्ही मादी पिल्लं. लेकाचा फोन आला, मी भिंतीशी तूर निवडत बसले होते. बिचारा परत आशेवर.

"आई, आता चांगलं गिऱ्हाईक येईल. शेळीला आन पिल्लांना एकदमच इक. मग तर मोकळी होशील ना?"

या खेपेला तिनं शेळीचं नाव काढलं नाही. म्हणाली, "न्हाई रे बाबा, मला न्हाई यायचं. जनावर इकता येतं. ग्रूप कुनाला इकू? रोज कुनाचं ना कुनाचं हरवतं, लोक मला इचारतेत. आन हितं एक जन महिनाभर बाहेर बसलीय, तिला आत घ्यायचं का न्हाई, ते बी मलाच बघायचंय."

पलीकडं लेक म्हणाला, "बरं, आई." तो तेव्हापासून तिला बोलावत नाही. सुट्टीला स्वतःच येतो, पोरांना घेऊन.

महिना होऊन गेला. तिनं मला अजून आत घेतलेलं नाही. आमचे हे म्हणतात, विचार की तिला. मी विचारत नाही. काम शिल्लक असलं की माणूस गावात राहतं.